लिंबावरचा ‘गरुड’

“सर, लिंबावर गरुड बसलाय, लवकर या.”

भोकरसारख्या गावात पक्षी बघणारा म्हणून एकदा ओळख झाली की असे फोन येतात. पोचेपर्यंत पोरं गच्चीवर चढलेली असतात आणि ‘गरुड’ निघतो जेमतेम कबुतराएवढा! पाठ राखी, पोटावर तांबूस आडव्या बारीक रेघा, डोळा लालभडक. पंज्याखाली दाबलेल्या सरड्याची शेपटी अजून वळवळत असते. हा शिक्रा. लाल डोळ्याचा म्हणजे नर. मादी त्याच्याहून थोराड, डोळे पिवळट. शिकारी पक्ष्यांत बाईमाणूसच अंगापिंडानं मोठं.

गल्लीतला शिकारी ओळखताना लोक आधी रंग बघतात. मी म्हणेन, रंग शेवटी बघा. आधी शेपटी आणि पंख बघा. मटणाच्या दुकानावर घिरट्या घालणारी घार फूटभर नव्हे, चांगली दोन फुटांची. तिची शेपटी टोकाला खाचलेली. मात्र वळताना तिनं शेपटी पूर्ण पसरली की खाच दिसेनाशी होते, तिथंच नवखा फसतो. ससाण्याचे पंख टोकदार. शिक्र्याचे आखूड, गोलसर, आणि शेपटी लांब. विजेच्या तारा, फांद्या, पत्रे यांच्या मधून वळणं घेत झडप घालायची तर असंच अंग लागतं. त्याचं उडणंही ठरलेलं: चारपाच वेळा भराभर पंख मारायचे, मग तरंगायचं, पुन्हा पंख मारायचे. सरडे, खारी, चिमण्या, उंदीर, टोळ हे सगळं गावात मिळतं, म्हणून त्याला रानाची वाट धरायची गरज पडत नाही.

खरी गंमत जून तोंडावर आला की सुरू होते. सोयाबीन-कापसाच्या पेरणीची घाई, आणि आमराईतून ‘पेरते व्हा, पेरते व्हा’. पावशा! आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, पण पक्षी समोर आला तर दहातले नऊ जण त्याला शिक्रा म्हणतील. तीच राखी पाठ, तीच पट्टेदार शेपटी, उडण्याची तीच ढब, एवढंच काय, फांदीवर टेकल्यावर शेपूट हलवायची तऱ्हाही तीच. हा बहुरूपी त्या सोंगावर जगतो. शिकारी आला समजून लहान पाखरं बिचकतात. पावशीण आपलं निळं अंडं सातभाईंच्या निळ्या अंड्यांत घालून मोकळी होते आणि पिलू सातभाई वाढवतात. सोंग उघडं पडतं ते चोचीपाशी. शिक्र्याची चोच आखूड आणि आकड्यासारखी वाकलेली. पावशाची जवळजवळ सरळ. शिक्रा ताठ बसतो, पावशा आडवा. पंजे दिसले तर प्रश्नच मिटला, पावशाच्या पायात शिकाऱ्याची नखं नाहीत.

पहिल्या वर्षाचा शिक्रा मात्र जाणत्यालाही चकवतो. तो तपकिरी असतो, छातीवर आडव्या रेघांऐवजी उभे ठिपके ओघळलेले, आणि गळ्यावर मधोमध एक काळी रेघ. ती रेघ सापडली की बिनधास्त नाव घ्या.

आवाजावर विसंबाल तर कोतवाल फजिती करतो. शिक्र्याची दोन सुरांची ‘टी-टू, टी-टू’ तो हुबेहूब काढतो. मी स्वतः दुर्बीण घेऊन अर्धा तास एका कोतवालाच्या मागे फिरलोय.

गावाबाहेर शेताकडच्या तारेवर पांढरा, खांद्यावर काळा डाग असलेला, लाल डोळ्यांचा पक्षी दिसला तर ती कापशी. हवेत एका जागी पंख फडफडवत ती उंदीर हेरते. शेतकऱ्याचं एवढं काम फुकटात कोण करतं?

शिक्र्याची वीण साधारण मार्च ते जून. घरटं काड्यांचं, कावळ्याच्या घरट्यासारखं, अंडी बहुधा तीन-चार. नेमक्या याच दिवसांत तारांना लागतात म्हणून फांद्या छाटल्या जातात. तेव्हा कुऱ्हाड लावण्याआधी एकदा वर बघा. पिलू खाली पडलेलं सापडलं तर घरी नेऊन पाळू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे. वन विभागाला १९२६ वर कळवा आणि ते येईपर्यंत कुत्री-मांजरं तेवढी लांब ठेवा.