आखाजीची घागर आणि भविष्याची चिन्हे

वैशाख शुद्ध तृतीयेस अन्यत्र अक्षय्य तृतीया म्हणतात. जळगाव व धुळे जिल्ह्यांत मात्र ती ‘आखाजी’ ह्या लाडक्या नावानेच ओळखली जाते. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. शेतावरील सालदाराचे साल ह्याच दिवशी पुरे होण्याची व नवे ठरण्याची खानदेशी वहिवाट आहे. घरोघरी पितरांच्या नावाने मातीची नवी घागर पाण्याने भरून पुजतात. तिच्यावर डांगर ठेवतात, सांजोरीचा नैवेद्य दाखवितात. ह्याच घागरीखाली कित्येक शेतकरी घरांत मातीची चार ढेकळे मांडलेली असतात. ही ढेकळे म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. घागरीतून पाझरणाऱ्या पाण्याने जे ढेकूळ अधिक भिजेल, त्या महिन्यात पाऊस अधिक. जे कोरडे राहील, तो महिना कोरडा.

सुशिक्षित घरांत ह्या चालीविषयी दोनच मते ऐकू येतात. वडीलमंडळींपैकी कोणी म्हणतात, ‘पूर्वजांनी घालून दिले आहे, त्यात काही तथ्य असणारच.’ कॉलेजात शिकणारी मुले म्हणतात, ‘हा सारा भाबडेपणा.’ गंमत अशी की, हीच मुले पुष्कळदा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर टॅरोचे पत्ते उलटून ‘आजचा दिवस कसा जाईल’ हे मोठ्या कुतूहलाने पाहत असतात! श्रद्धा आणि उपहास ह्यांखेरीज तिसरीही एक वाट आहे. ती म्हणजे ह्या चिन्हांची भाषा शिकून घेणे. ही भाषा कळली म्हणजे तिच्यापासून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हेही आपोआप कळू लागते.

ह्या भाषेचा सर्वांत विस्तृत पाठ जळगाव जिल्ह्याच्या शेजारीच, बुलढाणा जिल्ह्यात पाहावयास मिळतो. तेथील जळगाव जामोद तालुक्यात (हे जळगाव आपल्या खानदेशातील जळगावाहून निराळे) भेंडवळ नावाचे गाव आहे. तेथील घटमांडणी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी चंद्रभान महाराज वाघ ह्यांनी सुरू केली, अशी परंपरा सांगतात. वाघ घराण्यातील मंडळी ती अद्याप चालवीत आहेत. अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी गावाबाहेरील शेतात वर्तुळाकार घट आखून त्याच्या कडेने गहू, ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, सरकी इत्यादी अठरा प्रकारची धान्ये मांडतात. मध्यभागी खड्डा करून त्यात चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, आणि तिच्यावर व भोवताली पुरी, पापड, सांडोई, कुरडई, करंजी, वडा, भजे, विडा अशी मांडणी असते. रात्री तेथे कोणी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे, मांडणीत काय पालट झाला हे पाहून पाऊस, पिके, बाजारभाव आणि देशाची स्थिती ह्यांविषयी भाकीत सांगितले जाते. ते ऐकण्यास दूरदूरचे शेतकरी जमतात.

आता चिन्हांचे अर्थ पाहू. घागर म्हणजे समुद्र आणि पुरी म्हणजे पृथ्वी. विडा म्हणजे राजा व त्याची गादी. सांडोई-कुरडई ही गुरांच्या चाऱ्याची खूण, तर करंजी ही तिजोरीची. धान्यांपैकी बहुतेक आपापल्या पिकाबद्दलच बोलतात. सरकीवरून कपाशीचा अंदाज घेतात. परंतु काहींस निराळा अधिकार दिलेला आहे. करडई ही संरक्षणाचे, मसूर शत्रूचे, आणि भादली रोगराईचे चिन्ह मानतात. दाणे जागच्या जागी राहिले की विखुरले, आत सरकले की बाहेर गेले, ह्यावरून फल ठरते.

क्षणभर भविष्य बाजूस ठेवून ही यादी पुन्हा वाचावी. पाऊस, पीक, चारा, रोगराई, खजिना, राजा, शत्रू! कोरडवाहू मुलखातील शेतकऱ्यास ज्या ज्या गोष्टींची धास्ती वाटे, त्या सर्वांची ही अनुक्रमणिकाच नव्हे काय? चाऱ्यास स्वतंत्र चिन्ह आहे, कारण बैल उपाशी राहिला तर पुढील पेरणीच बुडते. राजास चिन्ह आहे, कारण राज्य बदलले की साऱ्याचा दर बदले. घटात पुढचे वर्ष दिसो वा न दिसो, मागील कित्येक पिढ्यांची चिंता तेथे स्पष्ट दिसते. चिन्हे वाचण्याचा खरा लाभ हा आहे.

हीच दृष्टी घेऊन मुलांच्या त्या टॅरो पत्त्यांकडे वळू. ह्या जोडात 78 पत्ते असतात. त्यांपैकी 22 विशेष चित्रांचे असून उरलेले 56 पेला, तलवार, नाणे आणि दंड अशा चार रंगांत विभागलेले असतात. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते जन्मले ते निव्वळ खेळण्याकरिता. 1781 साली कूर द जेबलँ ह्या फ्रेंच विद्वानाने ह्या चित्रांत प्राचीन मिसर देशाचे गूढ ज्ञान दडले असल्याचे प्रतिपादन केले. मिसरची चित्रलिपी शांपोल्यों ह्याने उलगडली ती 1822 साली. म्हणजे जेबलँच्या काळी ती लिपी कोणासच वाचता येत नव्हती! तरीही ती कल्पना रुजली आणि पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचा प्रघात पसरला. आज सर्वत्र दिसणारी चित्रे 1909 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. ती पामेला कोलमन स्मिथ ह्या चित्रकर्तीने वेट ह्यांच्या सूचनेवरून काढली. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याकडे पाहिले म्हणजे उलट प्रकार दिसतो. त्यात दहा अवतारांचे दहा रंग व एकंदर 120 पत्ते. चित्रांत मत्स्य, कूर्म, वराह असे अर्थगर्भ अवतार असूनही तो मुख्यतः खेळच राहिला.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. चिन्हाचा अर्थ चिन्हात उपजत नसतो. तो त्यास माणसे देतात, आणि बहुधा आपल्या गरजेप्रमाणे देतात. भेंडवळचा घट साऱ्या गावाची काळजी वाहतो. टॅरोचा पत्ता एकट्या माणसाचे प्रेम, नोकरी आणि मनःशांती ह्यांविषयी बोलतो. दोन समाजांतील अंतर त्यांच्या चिन्हांतच उमटले आहे.

एवढे समजून घेतल्यावर सत्यासत्याचा प्रश्न टाळता येत नाही. घागर पाझरते, कारण नव्या मडक्याची माती सच्छिद्र असते. कोणते ढेकूळ अधिक भिजावे हे घागरीची बैठक, जमिनीचा उतार आणि मातीचा पोत ह्यांवर अवलंबून असते. उघड्या शेतातील दाणे रात्रीत वारा, मुंग्या, पाखरे आणि उंदीर हलवू शकतात. ह्यांपैकी कशाचाही श्रावणातील ढगांशी संबंध जोडता येत नाही. शिवाय घटाच्या भाकितात ‘साधारण’ आणि ‘मोघम’ हे शब्द वारंवार येतात. टॅरोतही ‘मृत्यू’ नावाचा पत्ता निघाला, तर तो आयुष्यातील एका पर्वाचा शेवट होय, असे समजावून सांगतात. असे लवचीक भाकीत खोटे ठरविणे कठीण. आणि जे खोटे ठरू शकत नाही त्यास खरे तरी कशाच्या बळावर म्हणावे? भेंडवळच्या भाकितांवर अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्य करणाऱ्यांनी आक्षेप घेतले आहेत, ते ह्याचमुळे.

हा वाद केवळ पंडितांचा असता तर त्याची एवढी मातब्बरी नव्हती. परंतु अमळनेर किंवा साक्रीकडील कोरडवाहू शेतकऱ्याने ‘पहिला महिना चांगला’ एवढ्या बोलावर धूळपेरणी केली आणि पावसाने ओढ दिली, तर बियाणे जळते, दुबार पेरणी ओढवते आणि तिच्यासाठी कर्ज काढावे लागते. भाकीत सांगणारास त्याची तोशीस लागत नाही. ती त्या घरच्या लक्ष्मीच्या अंगावरील दागिन्यास लागते.

हवामानशास्त्रही सर्वज्ञ नाही. भारतीय हवामान खाते 1875 साली स्थापन झाले, आणि 1886 साली ब्लॅनफर्ड ह्यांनी हिमालयातील बर्फाच्या आधारे मोसमी पावसाचे पहिले दीर्घकालीन अनुमान प्रसिद्ध केले. आज हे खाते एप्रिलच्या मध्यास आपले पहिले अनुमान देते आणि मेच्या अखेरीस ते सुधारते. 1971 ते 2020 ह्या काळातील देशाची सरासरी 87 सेंटिमीटर धरून तिच्या किती टक्के पाऊस पडेल, हे ते आकड्यांत सांगते. हे अनुमान चुकतेही, आणि देशाच्या सरासरीवरून एखाद्या शिवाराचे भवितव्य कळत नाही, हेही खरे. परंतु आकडा दिलेला असल्यामुळे चूक मोजता येते आणि मोजलेली चूक पुढील वर्षी सुधारता येते. आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्यावाचून पेरू नये, हा कृषी खात्याचा सल्ला तर भविष्य सांगतच नाही. तो पडलेला पाऊस मोजावयास सांगतो.

मग आखाजीची घागर फोडून टाकावी काय? मुळीच नाही. पितरांस पाणी देणे हा कृतज्ञतेचा संस्कार आहे. त्यास भाकिताच्या आधाराची गरज नाही. ढेकळेही खुशाल मांडावीत, मुलांकडून मांडवावीत. मात्र कोणते ढेकूळ किती भिजले हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवण्यास त्यांस सांगावे. परसात पर्जन्यमापक बसवून चार महिन्यांचा पाऊस शेजारच्या रकान्यात नोंदवावा. पाच-सात वर्षांची अशी वही आजोबा आणि नातू ह्या दोघांसही कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक शिकवील, आणि त्यात कोणाचा अवमानही होणार नाही.

खानदेशास हा विवेक परका नाही. जळगावजवळच्या आसोद्यात 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी ह्यांस अक्षरओळख नव्हती. आखाजीच्या सणावर त्यांनी प्रेमाने कविता रचली, आणि हात पाहू इच्छिणाऱ्या जोशास आपल्या दारी न येण्याविषयी दुसऱ्या कवितेत खडसावले. सण जिवापाड जपावा आणि दैव मात्र कोणाच्या हाती सोपवू नये, ही जोड एका निरक्षर शेतकरी स्त्रीस साधली. ती आपल्या सुशिक्षित घरांस का साधू नये?