दुसऱ्यांदा भट्टीत

पुड्यातल्या ग्लुकोज बिस्किटाला काटेकोरपणे बिस्किट म्हणताच येणार नाही. लॅटिनमध्ये ‘बिस’ म्हणजे दोनदा आणि ‘कॉक्तुस’ म्हणजे शिजवलेलं. त्यावरून इटालियन ‘बिस्कोत्तो’, फ्रेंच ‘बिस्क्वी’ आणि पुढे इंग्रजी बिस्किट आलं. जर्मनांचा ‘त्स्वीबाक’ही तोच, दोनदा भाजलेला. ग्लुकोज बिस्किट मात्र भट्टीतून एकदाच जातं. आपल्याकडे या नावाचा खरा हक्कदार म्हणजे बेकरीतला कडक टोस्ट.

पण पाव एकदाच जास्त वेळ भाजला तर काय बिघडतं? ताज्या पावात वजनाच्या ३५ ते ४० टक्के पाणी असतं. भट्टीतली प्रखर आच बाहेरचं कवच करपवून मोकळी होते, तरी आतला गर ओलाच राहतो. म्हणून पहिल्या खेपेला पाव फक्त फुगवून शिजवायचा आणि वाळवण्याचं काम दुसऱ्या खेपेवर सोडायचं.

मधल्या वेळात पाव नुसता पडून असतो, पण त्या पडून राहण्यातही मोठं काम होतं. गरम लादीला सुरी लावली की गराचा चोथा होतो. रात्रभर ठेवली की स्टार्चचे विस्कटलेले रेणू पुन्हा एकमेकांलगत शिस्तीत बसतात, गर घट्ट होतो आणि काप सरळ निघतात. पाव शिळा होणं म्हणजे तो सुकणं, हा आपला पक्का समज. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८५२ मध्येच दाखवलं होतं, की पाणी उडू न देता बंदिस्त ठेवलेला पावही शिळा होतो. बेकरीवाला त्या शिळेपणाचाच उपयोग करून घेतो.

मग काप ट्रेमध्ये मांडून मंदावलेल्या आचेत जातात. आता ओलाव्याला अख्खी लादी ओलांडायची नसते, कापाची अर्धी जाडी पार केली की तो बाहेर. पाणी चारपाच टक्क्यांवर येतं. शर्करा आणि प्रथिनांच्या अभिक्रियेतून बदामी रंग आणि खमंग वास येतो. एवढ्या कोरड्या पदार्थात बुरशीला वाढायला पाणीच मिळत नाही.

जहाजांना हवं होतं ते हेच. इंग्रज आरमारात खलाशाला रोज एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम बिस्किट मिळे. बुरशी टळली तरी किडे टळले नाहीत, कारण कोरड्या पिठावर जगणाऱ्या किड्यांना अन्न पचवतानाच थोडं पाणी मिळतं. खाण्याआधी बिस्किट टेबलावर आपटायची खलाशांची सवय त्यातूनच आली म्हणतात. पुढे आरमाराच्या कारखान्यांत ते एकदाच भाजून उबदार खोलीत वाळवू लागले, नाव मात्र तेच राहिलं.

उघड्यावर पाव कडक होतो आणि टोस्ट सादळतो, यात विसंगती काहीच नाही. दोघंही हवेतल्या दमटपणाशी जुळवून घेत असतात: पाव पाणी सोडतो, टोस्ट ते शोषतो. कोरडा टोस्ट काचेसारखा ठिसूळ असतो, म्हणून कुडकुडतो. ओल शिरली की तोच चिवट होतो. सादळलेला टोस्ट मंद तव्यावर पुन्हा कडक होतो, पण गरम असताना डब्यात भरू नये. वाफ आतच अडकते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.