असल माल, असल भाव : सातारा-मिरजेच्या खरेदीची पारख

कोरेगावच्या बाजारपेठेत माझे कापडाचे दुकान आहे. मे महिन्याची सुटी आणि लग्नसराई यांत मुंबई-पुण्याचे पाहुणे गावी येतात. कापड घेऊन झाले की त्यांचा एक सवाल ठरलेला असतो, "भाई, इकडची खास चीज काय न्यावी? पण असली सांगा, नकली नको." सवाल साधा आहे, जबाब तितका साधा नाही. असल माल आणि नक्कल माल आज एकाच दुकानात, एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेला असतो. म्हणून आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांसमोर हा विषय मांडावासा वाटला.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. साधारण पंचवीस वर्षांपूर्वी एका घाऊक व्यापाऱ्याकडून मी दहा घोंगड्या आणल्या. "माण-खटावचा माल, अस्सल लोकर," असे त्याने सांगितले. मीही गिऱ्हाइकांना तेच सांगितले आणि आठवड्यात सहा विकल्या. सातव्या घोंगडीचा सौदा चालू असताना एक म्हातारे धनगर बाबा दुकानाच्या पायरीवर टेकले होते. त्यांनी घोंगडीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "शेठ, हे कुठलं मेंढरू? हात फिरवला तरी टोचंना." मी एक धागा ओढून काडी लावली. तो वितळला आणि त्याचा काळा कडक मणी झाला. लोकर जळली की केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. कापडाचा धंदा करणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हते असे नाही. मी तपासलेच नव्हते.

सहापैकी चार गिऱ्हाइके ओळखीची होती. त्यांना बोलावून पैसे परत केले. दोघे बाहेरगावचे होते, ते पुन्हा भेटले नाहीत. उरलेला माल "मिलची चादर" म्हणून निम्म्या भावात काढला. रकमेने तोटा फार नव्हता. पण ते दोघे आपल्या गावी जाऊन कोरेगावच्या बाजाराविषयी काय बोलले असतील, हा विचार आजही मनातून जात नाही. एका दुकानदाराची नक्कल सगळ्या पेठेच्या नावावर जमा होते.

त्यानंतर मी घोंगडी थेट विणणाऱ्या सणगराकडून घेऊ लागलो. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते. ती अंगाला टोचते, पण पाऊस आणि थंडी दोन्ही अडवते. लोकर पिंजून, सूत कातून, ताण्याला चिंचोक्याची खळ देतात आणि मग खड्ड्याच्या मागावर विणतात. म्हणून नवी घोंगडी ताठ असते आणि तिला खळीचा वास येतो. हातमागाची वीण यंत्रासारखी एकसारखी नसते, कुठे धागा जाड तर कुठे बारीक दिसतो. शहरचे गिऱ्हाईक याला दोष समजते. त्याला समजावून सांगणे हे दुकानदाराचे काम आहे.

पैठणीचेही तेच. खरी हातमागाची पैठणी पाठीपोटी जवळजवळ सारखी दिसते, कारण पदरावरचा मोर किंवा वेल रंगीत धागे एकमेकांत गुंतवून विणलेला असतो. यंत्रावरच्या नकलेत उलट बाजूला मोकळे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. यंत्राची साडी विकणे हा गुन्हा नव्हे. ती यंत्राची म्हणून, यंत्राच्या भावात विकावी, एवढेच.

आता कोल्हापुरी चप्पल. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन एकट्या कोल्हापूरचे नाही. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. म्हणजे आमच्या सातारा जिल्ह्यातील कारागिराचाही त्या नावावर हक्क आहे. असल चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले असते आणि शिवण चामड्याच्या वादीची असते. खिळा दिसला, रबराचा तळ दिसला, तर ओळखावे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या बड्या कंपनीने मिलान शहरातील फॅशन शोमध्ये अगदी अशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. इकडून ओरड झाल्यावर कंपनीने कबूल केले की प्रेरणा हिंदुस्थानी कारागिरीची आहे. सातासमुद्रापार हुन्नरची किंमत कळते. आपण मात्र गावच्या कारागिराशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो.

खाण्याच्या चिजांत साताऱ्याचा कंदी पेढा सगळ्यांना ठाऊक आहे. खवा मंद आचेवर खमंग परतल्यामुळे त्याला तो तांबूस रंग आणि खरपूस चव येते. चव पाहून, ताजा विचारून घ्यावा. पण खुद्द कोरेगाव तालुक्याची चीज आमचेच लोक विसरतात. ती म्हणजे वाघ्या घेवडा. दाण्यावर वाघासारखे पट्टे, म्हणून हे नाव. कमी पावसाच्या पट्ट्यात खरिपात येणारे हे पीक आहे. त्यालाही २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दुसऱ्या मुलखाचा राजमा रंगाने जवळ जातो, म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याकडून किंवा खात्रीच्या आडत दुकानातूनच घ्यावा. पाहुण्याला दोन किलो घेवडा बांधून दिला तर तो वर्षभर नाव काढतो, हा माझा अनुभव आहे.

ज्याला सवड आहे त्याने कोरेगावहून रेल्वेत बसून रहिमतपूर, कराड, सांगली करत मिरज गाठावे. सांगलीत हळद आणि बेदाणा घ्यावा. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळाले. जवळच्या हरिपूरला जमिनीत खोदलेल्या पेवांत हळद साठवण्याची जुनी रीत होती. २००५ च्या महापुरात त्यांतील बरीच पेवे खराब झाली. हळद शक्यतो अख्खी हळकुंडे घेऊन दळावी, कारण भेसळीला पूड सोपी पडते. बेदाणा फार पिवळाधमक दिसला तर गंधकाची धुरी किती दिली आहे, हे विचारावे.

मिरज हे सतारी आणि तंबोऱ्यांचे शहर. दीडशेहून अधिक वर्षे तिथे ही वाद्ये बनतात. हे काम सुरू करणारे आमचे शिकलगार बांधव. मूळ धंदा हत्यारे घडवण्याचा आणि त्यांना धार लावण्याचा. हत्यारांचा जमाना गेला, रोजी बुडाली, तेव्हा त्या हातांनी तारा जुळवायला सुरुवात केली. हुन्नर असलेला हात रिकामा बसत नाही, याचा यापेक्षा मोठा दाखला मला माहीत नाही. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला आजही गवई हजेरी लावतात. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे मिरजेत वास्तव्य होते. ते १९३७ साली वारले, त्यांची कबर याच दर्ग्यात आहे.

तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. तो कडू जातीचा असतो आणि महिनोन् महिने सुकवावा लागतो. दांडी आणि तबली तून लाकडाची. लाकूड जितके मुरलेले तितका आवाज चांगला. सगळ्यात नाजूक काम जवारीचे. घोडीचा माथा घासून, तारेखाली बारीक दोरा सारून आवाज खुलवतात, आणि ते केवळ कानाने करायचे असते. तंबोरा घेणाऱ्याने कारागिराकडून आपल्यासमोर जवारी लावून घ्यावी. अलीकडे विजेवर चालणाऱ्या छोट्या यंत्रांनी तंबोऱ्याची मागणी घटवली आहे. २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला मानांकन मिळाले, ही आनंदाची बातमी होय. पण त्या घरांतील मुले या कामाला बसतील का, हे मानांकनावर नाही, मजुरीवर ठरणार आहे.

या मानांकनाचा कायदा १९९९ चा असून तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू आहे. नाव नोंदले गेले म्हणजे काम संपले असे समजू नये. प्रत्येक कारागिराने आणि उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद केली पाहिजे. ती नसेल तर नाव गावाचे आणि नफा दुसऱ्याचा, असे होते.

व्यापारी बांधवांना तीन गोष्टी सुचवतो. एक, बिलावर माल काय आहे ते साफ लिहावे : हातमाग की यंत्रमाग, लोकर की मिश्र धागा. दोन, असल आणि नक्कल वेगवेगळ्या फळीवर ठेवावे. तीन, कारागिराचे नाव गिऱ्हाइकाला सांगावे. नाव सांगितल्याने गिऱ्हाईक परस्पर त्याच्याकडे जाईल, ही भीती मलाही होती. काही गेलेही. पण जास्त लोक दुकानातच परत आले.

माझ्या गल्ल्याशेजारी आजही काडेपेटी ठेवलेली असते. गिऱ्हाइकाने शंका काढली की धागा त्याच्याच हातात देतो आणि म्हणतो, "जाळून पाहा." पण खरे सांगायचे तर ती काडेपेटी गिऱ्हाइकासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त आहे. माल दुकानात आला की पहिला धागा मीच जाळतो.