घरची कोथिंबीर, खुरप्याची निगा
पावसाळ्यात कोथिंबिरीची जुडी कडाडली की जीव हळहळतो ना? कोपरीसारख्या दाटीच्या वस्तीत अंगण कुठलं! पण ऊन येणारी खिडकी पुरते. २००२च्या सुमारास मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी भाज्या, फळझाडं वाढवली, तीही स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर.

तेलाच्या रिकाम्या डब्याला तळाशी भोकं पाडा. खाली नारळाच्या शेंड्या, वर माती आणि भाजीच्या देठा-सालांचं कुजलेलं खत घाला. घरातलेच न भाजलेले धणे हलके रगडून, रात्रभर भिजवून पेरा. मेथीला रगडायचीही गरज नाही. तीन-चार आठवड्यांत ती काढायला येते. फक्त डब्यावर पावसाचा थेट मारा नको.

खरा खर्च होतो तो सारखं नवं खुरपं घेण्यात! खाडीकाठच्या दमट हवेत लोखंड लगेच गंजतं. म्हणून काम झालं की माती खरवडा, फडक्यानं कोरडं पुसा, खोबरेल तेलाचा हात फिरवा. गंज चढलाच तर विटेच्या तुकड्यानं घासा. लाकडी मूठ पाण्यात ठेवू नका. ती फुगते आणि वाळली की ढिली होते. पाच मिनिटांचं काम, पण खुरपं वर्षानुवर्षं साथ देतं.