शिक्षा संपली, तरी सुटका का नाही?

बंदिवासात असलेल्यांची भेट घेणे हे ख्रिस्तसभेने दयेच्या कृत्यांमध्ये गणले आहे. मात्र बंदिवान सीमेपलीकडे, कराचीच्या मालीर तुरुंगात असेल तर त्याला भेटावे कसे? पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी पट्ट्यातील अनेक घरांपुढे हा प्रश्न वर्षानुवर्षे उभा आहे. येथील तरुण मोठ्या संख्येने गुजरातच्या नौकांवर खलाशी म्हणून जातात. सर क्रीक खाडीची मालकी आणि तिच्या पुढील सागरी सीमा यांविषयी भारत व पाकिस्तान यांच्यात अद्याप एकमत नाही. पाण्यावर रेघ दिसत नाही, आणि मासळी तर कोणाचीच सीमा मानत नाही. जाळ्यामागे जाता जाता नौका पलीकडे जाते, गस्तीनौका तिला अडवते आणि सगळे खलाशी तुरुंगात जातात. आपल्या तटरक्षक दलाकडून पाकिस्तानी मच्छीमारही अशाच रीतीने पकडले जातात.

यानंतर काय व्हावे, हे दोन्ही देशांनी २१ मे २००८ रोजी केलेल्या करारात लिहून ठेवले आहे. त्यानुसार दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या दिवशी कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण होते. अटकेपासून तीन महिन्यांच्या आत कैद्याला आपल्या वकिलातीच्या अधिकाऱ्याची भेट मिळाली पाहिजे. राष्ट्रीयत्वाची खात्री पटली आणि शिक्षा पूर्ण झाली की एका महिन्याच्या आत त्याला मायदेशी पाठवले पाहिजे. करार इतका स्पष्ट असताना माणसे अडकतात कोठे?

आमच्या मते पहिली अडचण 'खात्री' या शब्दात आहे. कैदी आपले नाव, वडिलांचे नाव व गाव सांगतो. ते कागद इस्लामाबादमधील आपल्या उच्चायुक्तालयातून दिल्लीला, तेथून राज्याकडे आणि शेवटी गावच्या पोलीस ठाण्यात येतात. चौकशीचा अहवाल त्याच वाटेने परत जातो. पाड्याचे नाव चुकीचे लिहिले गेले, घरचे लोक मजुरीसाठी स्थलांतरित झालेले असले किंवा ओळखपत्र नौकेसोबतच जप्त झाले, की महिने निघून जातात. हा दोष एकाच बाजूचा नाही. १ जुलै २०२५ च्या याद्यांनुसार भारताच्या ताब्यात ३८२ पाकिस्तानी नागरी कैदी व ८१ मच्छीमार होते, तर पाकिस्तानच्या ताब्यात ५३ भारतीय नागरी कैदी व १९३ मच्छीमार होते. शिक्षा पूर्ण केलेल्या १५९ भारतीयांना सोडावे, अशी मागणी भारताने त्या वेळी केली. त्याच वेळी भारतातील ८० कैद्यांची सुटका पाकिस्तानने त्यांचे राष्ट्रीयत्व न कळवल्यामुळे अडलेली होती.

दुसरी अडचण राजकीय आहे. करारात सुटका हा कैद्याचा हक्क आहे. व्यवहारात मात्र ती सदिच्छेची भेट ठरते. पुलवामाच्या घटनेनंतर संबंध ताणलेले असतानाही एप्रिल २०१९ मध्ये पाकिस्तानने ३६० भारतीय कैदी सोडले, आणि त्यांत बहुतांश मच्छीमार होते. २०२३ मध्ये पाचशेच्या आसपास मच्छीमार कराची ते लाहोर रेल्वेने आणि पुढे वाघा-अटारीमार्गे घरी आले. त्यांच्या प्रवासाची व्यवस्था कराचीच्या ईधी प्रतिष्ठानाने केली होती, याची येथे कृतज्ञतेने नोंद करावीशी वाटते. कैद्यांना प्रत्यक्ष भेटून शिफारशी करण्यासाठी दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समितीही २००७ मध्ये नेमण्यात आली होती. तिची शेवटची पाकिस्तान-भेट ऑक्टोबर २०१३ मध्ये झाली. मच्छीमारांच्या दृष्टीने समितीचे हे थांबणे सर्वांत महागात पडले असावे, कारण आजारी कैद्याकडे पाहणारा निःपक्षपाती डोळाच त्यामुळे उरला नाही. मार्च २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातील एक खलाशी कराचीच्या तुरुंगात मरण पावला. त्याचा मृतदेह सीमेवर येण्यास महिन्याहून अधिक काळ लागला.

एप्रिल २०२५ मधील पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीची चौकी बंद करण्यात आली आणि मे महिन्यात संघर्ष झाला. तरीही १ जुलैला याद्या ठरल्याप्रमाणे एकमेकांना देण्यात आल्या. बातम्यांत या गोष्टीला फारशी जागा मिळाली नाही. वाट पाहणाऱ्या घरांसाठी मात्र यादीत नाव असणे म्हणजे आपला माणूस जिवंत असल्याचा सरकारी पुरावा असतो.

ज्युबिली वर्ष २०२५ च्या घोषणापत्रात पोप फ्रान्सिस यांनी शासनांना कैद्यांसाठी माफीचा विचार करण्याचे आवाहन केले होते, आणि २६ डिसेंबर २०२४ रोजी रोमच्या रेबिबिया तुरुंगात त्यांनी स्वतः पवित्र दार उघडले होते. आमच्या मच्छीमारांसाठी तर माफीचीही गरज नाही. झालेल्या कराराचे पालन पुरेसे आहे. दरम्यान किनाऱ्यावरील धर्मग्रामांना एक साधे काम करता येईल. नौकेवर जाणाऱ्या प्रत्येकाचे आधारपत्र, मच्छीमार ओळखपत्र व छायाचित्र यांची प्रत घरी आहे का, आणि सगळ्या कागदांवर नाव एकसारखे लिहिले आहे का, हे पावसाळी मासेमारीबंदीच्या दिवसांत घरोघरी जाऊन पाहता येईल. पोलीस चौकशीला येतील तेव्हा तीच प्रत सर्वांत आधी मागितली जाते.