वर्दी उतरल्यावर मैदानावर

नाशिक आणि फौज यांचे नाते जुने आहे. देवळालीत तोफखान्याचे शिक्षण चालते, नाशिकरोडला तोफखाना केंद्र आहे. फजरच्या सुमारास शहराबाहेरच्या रस्त्यांवर भरतीसाठी धावणारी मुले दिसली, तर इथे कोणाला नवल वाटत नाही. आम्हाला प्रश्न पडतो तो एवढाच, की या मुलांना धावायला शिकवते कोण?

बहुतेकांना कोणीच नाही. मित्र धावेल तेवढे धावायचे, तेही डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत. मग नडगी दुखू लागते आणि घरचे म्हणतात, "बस झाले आता."

फौजेत धावलेला माणूस मुलांना शिकवू लागला तर काय घडते, याचे आपल्या देशातले मोठे उदाहरण म्हणजे ओ. एम. नांबियार. केरळचे नांबियार हवाई दलात होते, तिथे स्वतः खेळाडू होते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत ते प्रशिक्षक झाले आणि पुढे कन्नूरच्या क्रीडा शाळेत आले. १९७६ साली तिथे आलेली पी. टी. उषा तेव्हा जेमतेम बारा वर्षांची होती. लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले, ते १९८४ साली. मधली आठ वर्षे लोक विसरतात. आम्हाला तीच मोलाची वाटतात. महिनाभरात निकाल मागणाऱ्या पालकांनी तर हा हिशेब जरूर करावा. १९८५ मध्ये नांबियार यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. पद्मश्रीला मात्र २०२१ उजाडले आणि त्याच वर्षी ते वारले.

इल्यास बाबर हे नावही आपल्या घरांत माहीत असायला हवे. राजपुताना रायफल्सचे जवान श्रीराम सिंग यांना त्यांनी घडवले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये श्रीराम सिंग ८०० मीटरच्या अंतिम फेरीत सातवे आले. त्यांची १ मिनिट ४५.७७ सेकंदांची वेळ २०१८ पर्यंत, म्हणजे ४२ वर्षे, राष्ट्रीय विक्रम म्हणून टिकली.

नाशिकने हे जवळून पाहिले आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर तयार झाली. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्य जिंकले आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. पाड्यावरची मुलगी घर सोडून शहरात सरावाला येते, तेव्हा आईवडिलांनी आधी भरवसा टाकलेला असतो तो प्रशिक्षकावर.

आपल्या मोहल्ल्यांतल्या मुली मैदानावर थोड्याच दिसतात. घरचा नकारच असतो असे नाही. पहाटे अंधारात कोणाच्या भरवशावर पाठवायचे, हीच खरी अडचण असते. म्हणून आम्ही सुचवतो, की प्रशिक्षकाला आधी भेटा. आठवड्यात विश्रांतीचे दिवस किती, सराव मातीवर की डांबरावर, दुखापत झाली तर काय करता, मुलींसोबत मैदानावर बाई कोण असते, हे मोकळेपणाने विचारा. रमजानमध्ये सरावाची वेळ आणि जोर बदलाल का, हेही विचारा. पहिल्याच दिवशी पदकाचा वायदा करणारा भेटला, तर सलाम करून घरी या आणि दुसरा शोधा. आपल्याच वस्तीत एखादा निवृत्त सुभेदार असेल, तर सुरुवात त्याच्या दारापासून करता येईल.