आटे गेले, इंजिन नव्हे

आमच्याकडे देवळ्याला एक जुनी चेतक स्कूटर आहे. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजच्या कारखान्यात १९७२ पासून तयार होऊ लागलेली ही पेट्रोलची चेतक आता बनत नाही. पण आमची गाडी भावडबारीचा घाट अजून चढते. गेल्या पावसाळ्यात तिच्याखाली तेलाचे थेंब पडू लागले. गिअरचे तेल सोडण्यासाठी इंजिनाच्या तळाशी एक बोल्ट असतो. तो आम्ही आवळला. थेंब थांबेनात, म्हणून पान्याला पाइप लावून आणखी आवळला. आणि एकाएकी बोल्ट नुसताच फिरू लागला.

मिस्त्रींनी हात लावून पाहिले आणि म्हणाले, "सर, आटे गेले. केस तरी बदला, नाही तर आटे नवे करू."

केस म्हणजे इंजिनाचे अॅल्युमिनियमचे ओतीव कवच. ते बदलायचे तर सगळे इंजिन उलगडावे लागते. शिवाय इंजिनाचा क्रमांक याच कवचावर ठोकलेला असतो आणि तोच आर.सी. पुस्तकात लिहिलेला असतो. चार-पाच आट्यांसाठी एवढा खटाटोप करायचा का? ठरवण्याआधी आटे का गेले ते पाहू.

हाताचे बळ किती?

मळसूत्र म्हणजे दंडगोलाभोवती गुंडाळलेली उतरण, हे आपण वर्गात शिकवतो. आता हिशेब करू. समजा बोल्ट ८ मिलिमीटर जाडीचा आहे आणि त्याचा पिच, म्हणजे दोन शेजारच्या आट्यांमधले अंतर, १.२५ मिलिमीटर आहे. २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याने एक फेरा पूर्ण केला, तर आपला हात सुमारे १२५० मिलिमीटर फिरतो आणि बोल्ट फक्त १.२५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे यांत्रिक लाभ १०००! हाताने १० किलो बळ लावले तर घर्षण नसताना बोल्टवर १०,००० किलोंचा ताण आला असता. प्रत्यक्षात यातला बहुतेक भाग घर्षणात जातो आणि साधारण आठवा हिस्सा उरतो. तोही सव्वा टन होतो! पान्याला पाइप लावून हात दुप्पट लांब केला की हा ताण अडीच टनांवर जातो.

शिवाय हा भार सगळ्या आट्यांवर सारखा वाटला जात नाही. बोल्टच्या डोक्याजवळचा पहिला आटाच जवळजवळ एक तृतीयांश भार उचलतो. बोल्ट पोलादाचा, कवच मऊ अॅल्युमिनियमचे. त्यामुळे बोल्ट शाबूत राहतो आणि कवचातले आटे कातरले जातात. त्यात पावसाचे पाणी शिरले तर दोन वेगळ्या धातूंमुळे तेथे लहानसा विद्युतघटच तयार होतो आणि अॅल्युमिनियम गंजून त्याची पांढरी भुकटी होते.

तारेचे आटे

मिस्त्रींनी कवच बदलले नाही. आधी तेल काढून घेतले. मग बिघडलेले भोक सुमारे ८.३ मिलिमीटरच्या ड्रिलने साफ केले आणि एका खास टॅपने त्यात मोठे आटे पाडले. टॅप अगदी सरळ धरायचा आणि पुढे नेताना मधूनमधून थोडा उलटा फिरवायचा, म्हणजे कीस तुटतो. टॅपच्या खाचांत ग्रीस भरले की बराच कीस तिथेच चिकटतो. उरलेला धुऊन काढावा लागतो, कारण तो गिअरमध्ये गेला तर दुरुस्तीपेक्षा नुकसान मोठे.

या नव्या आट्यांत त्यांनी स्टेनलेस स्टीलच्या तारेची एक स्प्रिंग फिरवून बसवली. तिला बाजारात हेलिकॉइल म्हणतात. तारेचा छेद शंकरपाळ्यासारखा चौकोनी असतो, त्यामुळे बाहेरची धार कवचाच्या आट्यांत बसते आणि आतल्या धारेतून बोल्टसाठी आटे तयार होतात. स्प्रिंग मुळात भोकापेक्षा थोडी मोठी असते. म्हणून ती बाहेरच्या बाजूस दाबून पक्की बसते. शेवटी तिचे खालचे टोक मोडून काढले, की जुनाच बोल्ट जुन्याच मापात बसतो.

गंमत अशी, की दुरुस्त केलेली जागा मूळ जागेपेक्षा मजबूत असते. कवचातल्या आट्यांचा व्यास आता ८ ऐवजी सुमारे ९.६ मिलिमीटर झाला. कातरण्याला तोंड देणारे क्षेत्र व्यासाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे २० टक्क्यांनी वाढले. शिवाय स्प्रिंग थोडी लवते, त्यामुळे भार अनेक आट्यांवर अधिक सारखा वाटला जातो.

मग थेंब का पडत होते?

तेल अडवणे हे आट्यांचे काम नाहीच. ते बोल्टच्या डोक्याखालच्या वायसरचे काम. आमचा वायसर चपटा होऊन निकामी झाला होता. काही रुपयांचा नवा वायसर घातला असता, तर पाइप लावण्याची वेळच आली नसती. गळतीवर उपाय म्हणून आपण ताकद वाढवत गेलो, आणि कारण शोधले नाही!

वर्गात एक जाड बोल्ट आणावा. दहा आट्यांची लांबी पट्टीने मोजून दहाने भागली की पिच मिळतो. मग पान्याची लांबी मोजून मुलांनाच यांत्रिक लाभ काढू द्यावा. उत्तर हजाराच्या आसपास आले, की त्यांना एकच प्रश्न विचारावा: पान्याला पाइप लावायचा का?